गटाराच्या टोकाला आलेलं पाणी: १८०० वस्तीच्या गावाला काय बांधावं? (पलूस तालुका, काळी जमीन)

(ऑनलाइन गटावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कृष्णाकाठ

पलूस तालुक्यातलं नदीकाठचं गाव. लोकसंख्या १८००, उंबरा ३६०. त्यातली १२० घरं मळ्यात, त्यांचं सांडपाणी परसातल्या नारळ-केळीलाच जातं. उरलेली २४० गावठाणात. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी ५५ लिटर पाणी नळाला येतं. गावठाणातली सगळी गटारं उताराने पूर्वेच्या ओढ्यात पडतात आणि ओढा कृष्णेत. जमीन ८-१० फूट काळी, फक्त देवळामागच्या उंचवट्यावर मुरूम लागतो.

ग्रामसभेत दोन मतं आहेत. एक, घरोघरी शोषखड्डे. दोन, ओढ्याजवळच्या १४ गुंठे गायरानात कर्दळीचा प्रकल्प. काही शौचालयांच्या टाक्यांचे पाइपही गटारात सोडलेले आहेत. हेच पाणी खालच्या गावांच्या जॅकवेलला (नळयोजनेसाठी नदीचं पाणी घेणाऱ्या विहिरीला) लागतं, त्यामुळे काम एकदाच पण नीट व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. कृपया आकड्यांसह सांगा.

मोजपट्टी

आधी पाणी किती ते ठरवू. गावठाणात २४० घरं म्हणजे अंदाजे १२०० माणसं. १२०० गुणिले ५५ म्हणजे ६६,००० लिटर. त्यातलं ७० ते ८० टक्के गटारात येतं, म्हणजे दिवसाला ५०,००० लिटर, ५० घनमीटर धरा. ते दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सहा ते दहा या चार तासांत निम्मं पाणी येऊन जातं, म्हणजे तासाला सव्वासहा घनमीटर. प्रकल्पातली गाळ बसवायची टाकी या सकाळच्या लोंढ्याला पुरली पाहिजे. दिवसाच्या सरासरीवर काढलेली टाकी रोज सकाळी गाळ पुढे ढकलते.

हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात गटाराच्या तोंडाशी सलग तीन दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, २०० लिटरचा बॅरल किती सेकंदांत भरतो ते मोजा. नळ तोट्यांविना उघडे असतील तर आकडा दीडपट निघेल. तसं असेल तर आधी तोट्या बसवा. गळणारं नळपाणी शुद्ध करायला प्रकल्प बांधू नये.

निधीचं म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२० पासूनच्या) ५००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. १८०० माणसांचे ५ लाख ४ हजार. त्यातले ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे होते. शोषखड्डे रोजगार हमीतून वेगळे काढता येतात.

ओली_माती

शोषखड्डे की प्रकल्प हे ग्रामसभेच्या मतदानाने ठरत नाही, जमीन किती पाणी पिते त्यावर ठरतं. त्याची परीक्षा एका दिवसाची आहे.

शोषखड्डा जेवढा खोल घ्यायचा तेवढ्या खोलीवर साधारण एक फूट रुंदीचं भोक घ्या. बाजू खुरप्याने खरवडा, कारण पहारीने त्या लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. तळाला ५ सेंमी बारीक खडी टाका. भोक पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी खडीच्या वर १५ सेंमी पाणी ठेवा आणि अर्ध्या तासात किती मिलिमीटर उतरलं ते पट्टीने मोजा. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली ते काढा.

रात्रभर भिजवणं काळ्या मातीत टाळता येत नाही. उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असते. कोरड्या भोकात बादली ओतली की पाणी भेगांतून पळतं आणि सगळ्यांना वाटतं जमीन छान पिते. जून-जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा हौदासारखा भरून राहतो. मे महिन्यात घाईने काढलेले शोषखड्डे श्रावणात रस्त्यावर येतात त्याचं कारण हेच.

भारतीय मानक २४७० मध्ये आकडे दिलेत. २५ मिमीला ५ मिनिटं लागली तर खड्ड्याच्या बाजूचा एक चौरस मीटर दिवसाला ९० लिटर पितो. १५ मिनिटं लागली तर ५२, ३० मिनिटं लागली तर ३७ लिटर. ६० च्या वर गेलं तर शोषखड्ड्याचा विचार सोडा. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी २०६ लिटर. ४ फुटी चौकोनी खड्ड्याच्या चारही बाजू मिळून, सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाखालचा भाग धरून, साधारण ४.३ चौरस मीटर होतात. आता भागाकार ज्याचा त्याने करावा.

शिवाय तुमच्याकडे पाणीपातळी वर आहे. खड्ड्याच्या तळापासून पावसाळ्यातल्या भूजलापर्यंत २ मीटर कोरडी माती हवी. वाळवा, पलूस, मिरजेच्या पाणथळ पट्ट्यात ती बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. तिथे शोषखड्डा म्हणजे सांडपाणी सरळ विहिरीत.

माणदेश

आमच्या बाजूला, माण-खटाव, आटपाडी, जतला, उलट आहे. मुरूम आहे, पाणी पितो, तिथे शोषखड्ड्यासारखं स्वस्त काही नाही. तुमच्या देवळामागच्या घरांनाही हेच लागू पडेल, म्हणून नीट लिहितो.

नांदेड पॅटर्नचा घ्या. ४ बाय ४ बाय ४ फूट खड्डा. मध्ये २ फूट व्यासाची सिमेंटची टाकी, तिला वरच्या भागात चारी बाजूंनी भोकं. टाकीभोवती खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी, वर पोत्याचं किंवा शेडनेटचं आच्छादन आणि मग माती. घरातला सांडपाण्याचा पाइप टाकीत पडतो, गाळ टाकीच्या तळाला बसतो, वरचं निवळलेलं पाणी भोकांतून दगडात जातं. साध्या दगडगोटे भरलेल्या खड्ड्याचं आयुष्य साबणाच्या चिकट गाळाने संपतं, आणि तो साफ करायचा म्हणजे अख्खा खड्डा उपसायचा. इथे झाकण उघडून डब्याने गाळ काढला की झालं.

दोन चुका नेहमी दिसतात. गवंडी भोकं तळाशी पाडतो, म्हणजे गाळ थेट दगडात. आणि पावसाचं पन्हाळीचं पाणी त्याच खड्ड्यात सोडतात. पन्हाळी वेगळीच ठेवा.

जांभा

पाटण-जावळीकडे वाचणाऱ्यांसाठी एवढंच: जांभ्यात पाणी भराभर मुरतं म्हणून खूश होऊ नका. ते न गाळता खालच्या झऱ्याला जाऊन मिळतं. झरा खालच्या अंगाला असेल तर शोषखड्ड्यात ३० सेंमी वाळूचा थर घालाच.

कृष्णाकाठ

परीक्षा या आठवड्यात करतो. तोवर प्रकल्पाचं कोणी सांगेल का? १४ गुंठे पुरतील? तळी करावीत की कर्दळ?

गवंडीकाम_सांगली

दोन्ही पुरतील, पण फरक समजून घ्या.

तळी: ५० घनमीटर पाणी, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) लिटरला २०० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला १० किलो बीओडी. आपल्याकडच्या उन्हाला हेक्टरी २५० किलो चालतं, म्हणजे पहिलं तळं ४०० चौरस मीटर, दीड मीटर खोल. त्यात पाणी १२ दिवस राहतं. पुढे पाच-पाच दिवसांची दोन उथळ तळी. बांध-बंधारे धरून १२ गुंठे जातात. चालवायला सोपं, खडी नाही. पण कडेला गवत वाढलं किंवा केंदाळ शिरलं की डास झालेच. काठ दगडाने पिचिंग करून दर पंधरवड्याला साफ ठेवणार असाल, गप्पी मासे सोडणार असाल, तरच करा.

कर्दळीचा प्रकल्प, म्हणजे खडीचा वाफा: पाणी खडीच्या पोटातून जातं, वर दिसत नाही, म्हणून डास नाहीत. जागा निम्म्याहून कमी. मी हाच सुचवीन, पण वाफा हा शेवटचा भाग आहे. आधीचे तीन भाग चुकले तर वाफा दोन वर्षांत चिखलाने भरतो, आणि लोक म्हणतात कर्दळ चालत नाही. कर्दळीचा त्यात काही दोष नसतो, गाळ पुढे गेलेला असतो.

पहिला भाग जाळी. दोन लावा. पहिलीच्या सळ्यांत ४० मिमी फट, दुसरीच्या १५ मिमी. उभ्या नको, ४५ अंशात तिरप्या, म्हणजे दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. जाळीच्या वर ओटा ठेवा, काढलेला कचरा त्यावर निथळतो. शाम्पू आणि गुटख्याच्या पुड्या हा इथला मुख्य माल. एक पुडी पाइपच्या तोंडाशी आडवी बसली की सगळं तुंबतं.

दुसरा भाग सांडवा आणि वाळूचं चेंबर. उघड्या गटाराला पावसाचं पाणी येणारच. रोजच्या प्रवाहाच्या तिप्पट झालं की वरचं पाणी सांडव्यावरून सरळ ओढ्याला गेलं पाहिजे. हा सांडवा नसेल तर पहिल्याच वळवाच्या पावसात टाकीतला वर्षाचा गाळ वाफ्यात जाऊन पडतो. वाळूचं चेंबर जोडीने बांधा, एक चालू असताना दुसरं उपसायचं.

तिसरा भाग निवळण टाकी. आतून ८ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, पाणी २ मीटर, म्हणजे ४० घनमीटर. १२ तासांचं पाणी २५, गाळाला १५. मध्ये भिंत घालून पहिला कप्पा दोन-तृतीयांश ठेवा. आत-बाहेरच्या तोंडाला टी (इंग्रजी T आकाराचा पाइपचा जोड) बसवा, टीचं खालचं तोंड पाण्यात ४०-५० सेंमी बुडालेलं, म्हणजे वरची तेलकट साय पुढे जात नाही.

शौचालयाच्या टाक्यांचं पाणी गटारात येतंय म्हणता, तर पुढे चार कप्प्यांची वर-खाली वाहणारी टाकीही लागेल. प्रत्येक कप्पा १.२ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, २ मीटर पाणी. पाणी वरून पाइपने तळाशी सोडायचं, पाइपचं तोंड तळापासून १५-२० सेंमी वर. मग ते गाळाच्या थरातून वर चढतं आणि तिथले जिवाणू ते खातात. साडेपाच मीटर रुंदी मुद्दाम: सकाळच्या लोंढ्यालाही पाणी तासाला एक मीटरच्या आत चढतं. अरुंद केली तर वेग वाढून गाळ उचलला जातो. सुरुवातीला चालू सेप्टिक टाकीतला थोडा गाळ किंवा शेणकाला घाला. टाकी मुरायला तीन महिने लागतात, तोवर पाण्याला वास येईल. घाबरून रसायनं ओतू नका.

सगळ्या टाक्या माती लोटण्याआधी काठोकाठ भरून २४ तास ठेवा, पातळी पाहा. नंतर गळती सापडत नाही.

आता वाफा. अडीच दिवसांचं पाणी, ६० सेंमी खोली, खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर ५२० चौरस मीटर, पाच गुंठ्यांच्या वर थोडं. एकच मोठा नको. १३ मीटर रुंद, २० मीटर लांब असे दोन शेजारी शेजारी. एकाला विश्रांती देता येते. तळाला अर्धा ते एक टक्का उतार. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा, खाली-वर बारीक मातीचा थर देऊन. काळ्या मातीलाच अस्तर समजू नका, वाफा एकदा कोरडा पडला की ती तडकते.

खडी ६५ सेंमी भरली तर ३३८ घनमीटर, म्हणजे १२० ब्रास. पैसा इथे जातो आणि फसवणूकही इथेच होते. १० ते २० मिमीची, धुतलेली हवी. मूठभर खडी काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा. मिनिटभराने ग्लासातून पलीकडची बोटं दिसली पाहिजेत. क्रशरची भुकटी चिकटलेली खडी भरली तर वाफा पहिल्या दिवशीच अर्धा बुजलेला असतो. पहिला आणि शेवटचा मीटर ५०-८० मिमीच्या दगडाचा, त्यात भोकं पाडलेला ११० मिमी पाइप आडवा, पूर्ण लेव्हलमध्ये. पाइप एका अंगाला झुकला की पाणी एकाच कडेने धावतं आणि बाकी वाफा कोरडा. पाण्याची नळी घेऊन दोन्ही टोकं स्वतः तपासा.

बाहेर पडणाऱ्या तोंडाला फिरणारा एल्बो (काटकोनी जोड) बसवा. तो आडवा-उभा करून पाण्याची पातळी खडीच्या ५-१० सेंमी खाली ठेवायची.

ओली_माती

लागवडीचं मी सांगते. कर्दळ आणि पाणकणीस, ४० सेंमीवर एक कंद. पहिले तीन-चार आठवडे एल्बो उभा ठेवून पाणी खडीच्या बरोबरीला आणा, फुटवे धरले की हळूहळू खाली न्या. मुळं पाण्यामागे खाली जातात. पाणकणीस वर्षातून एकदा, कर्दळ दोनदा कापा आणि कापलेलं बाहेर न्या. तिथेच कुजू दिलं तर जे काढलं तेच परत पाण्यात. अळू लावू नका, लोक वडीसाठी पानं नेतातच.

दूधसंकलन

एक महत्त्वाचं राहिलं. गटाराला दूध संकलन केंद्राचं धुणं आणि गोठ्यांचं पाणी येतं का? दुधाचा बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, म्हणजे लिटरभर दूध १०० ग्रॅम. वर गावठाणाचा बीओडी १० किलो धरलाय. धोवणातून रोज २० लिटर दूध गेलं तर २ किलो वाढला, म्हणजे २४० माणसांचा भार एका दारातून. केंद्राला कॅन निथळून पहिलं धोवण जनावरांना पाजायची सवय लावा आणि वेगळी छोटी टाकी द्या.

शेणही तसंच. गोठा धुण्याआधी शेण फावड्याने उचललं पाहिजे. २ घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो शेण लागतं, चार-पाच म्हशींचं. जिथे तो आहे तिथलं शेण गटारात येत नाही.

मोजपट्टी

जागेबद्दल. ओढ्यालगतचं गायरान २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती बुडालं होतं ते भिंतींवरच्या खुणांवरून पाहा आणि पाटबंधारे खात्याची पूररेषा नकाशावर घालून घ्या. गटाराचं टोक नेहमी गावाच्या सर्वांत सखल जागी असतं आणि पूरही तिथेच पहिला येतो. कृष्णेचा गाळ खडीत बसला की १२० ब्रास खडी काढून धुवावी लागते. वाफा नकाशावरच्या निळ्या पूररेषेच्या वर न्या. उतार जुळत नसेल तर टाक्या खाली आणि वाफा वर करून मध्ये एक अश्वशक्तीचा पंप चालेल, निवळलेलंच पाणी उचलायचं असल्याने तो तुंबत नाही.

माणदेश

देखभालीचं ठरवल्याशिवाय नारळ फोडू नका. जाळी रोज, वाळूचं चेंबर आठवड्याला. निवळण टाकीतला गाळ महिन्यातून एकदा मोजा: लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळा, झाकणातून सरळ तळापर्यंत घाला, पाच मिनिटं ठेवून सावकाश काढा. फडक्यावर काळी रेघ जिथे थांबते तिथवर गाळ. २ मीटरपैकी ६५ सेंमी झाला की उपसा. यासाठी प्रत्येक कप्प्यावर ६० बाय ६० सेंमीचं झाकण हवं. स्लॅब सलग ओतलेल्या टाक्या पाहवत नाहीत, त्यांच्या पोटात काय चाललंय ते कळायला मार्गच नसतो.

आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. तोंडाला फडकं बांधून नाही, दोर लावून नाही, पाच मिनिटांसाठी नाही. आतल्या वायूचा वास नाकाला येईनासा होतो आणि माणूस खाली बसतो. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हाच आहे, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. उपसा सक्शन टँकरनेच.

वाईकर

उपशाबद्दल पुरवणी. वाई नगरपरिषदेने २०१८ पासून घरोघरच्या टाक्या दर तीन वर्षांनी, तक्रारीची वाट न पाहता, वेळापत्रकाने उपसायला घेतल्या. ग्रामपंचायतीला गाडी परवडत नाही, पण आठ-दहा गावांनी मिळून एका गाडीशी वर्षाचा करार करणं जमतं. गाळ कुठे रिता होणार ते करारात लिहून घ्या, नाहीतर तो रात्री ओढ्यातच जातो. सोय नसेल तर त्याच गायरानात वाळूचे दोन सुकवण वाफे ठेवा, एका वेळी २०-३० सेंमी गाळ, उन्हाळ्यात दोन आठवड्यांत फावड्याने उचलता येतो.

चोपण_जमीन

बाहेर पडणारं पाणी उसाला देणार असाल तर थांबून वाचा. ओढ्यात सोडायला बीओडी ३० च्या आत लागतो, जमिनीला द्यायला १०० चालतो, म्हणून सगळे शेती म्हणतात. पण साबण-पावडरमधला सोडियम खडी किंवा कर्दळ काढत नाही. आपल्या काळ्या मातीत तो चिकणमातीच्या कणांना धरतो, माती विस्कटते, पाणी मुरेनासं होतं आणि चोपण होते. क्षारपडीने आधीच पोळलेल्या भागात ही चूक परवडणारी नाही. हे पाणी एकास तीन नदीच्या पाण्यात मिसळा, दरवर्षी माती तपासा, गरजेप्रमाणे जिप्सम टाका, निचऱ्याची चर ठेवा. हत्तीगवत आणि बांबू हे सहन करतात. मेथी, कोथिंबीर, मुळा अजिबात नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रभर भिजवून तीन भोकं मोजली. गावठाणात दोन ठिकाणी अर्ध्या तासात जेमतेम ४ मिमी उतरलं. देवळामागे मुरमात २५ मिमीला १२ मिनिटं. तिथे ४० घरं आहेत, आणि विहीर ६० मीटर लांब. शौचालयांचे गटारात सोडलेले पाइप मोजले, ३१ निघाले.

ओली_माती

गावठाणाचं उत्तर मिळालं: २५ मिमीला तीन तासांच्या वर, शोषखड्डे नकोत. देवळामागे १२ मिनिटांना चौरस मीटरमागे ५९ लिटर. २०६ ला साडेतीन चौरस मीटर पुरतात, ४ फुटी खड्ड्यात ४.३ आहेत. ती ४० घरं बिनधास्त घ्या. ३१ पैकी जे पाइप त्या बाजूचे असतील त्यांना वेगळा शोषखड्डा द्या, सांडपाण्याच्या खड्ड्यात जोडू नका.

गवंडीकाम_सांगली

म्हणजे प्रकल्पाला २०० घरं, १००० माणसं, ४१ घनमीटर. वाफे ४३० चौरस मीटरवर आले आणि २० ब्रास खडी वाचली. आता कोणी तरी सांगेल की लांबी २० ठेवून रुंदी १० करा, म्हणजे कडेला रस्ता मिळेल. तसं करू नका. वाफा नेहमी आत येणाऱ्या तोंडाशी बुजतो, म्हणून तोंड जितकं रुंद तितका तो जास्त वर्षं टिकतो. रुंदी १३ च ठेवा, लांबी साडेसोळा करा. निवळण टाकी मात्र आहे तेवढीच बांधा, ती लहान करू नका.